विसाव्यातली नाडी

(दृश्य: डिचोली तालुका, पहाट. कुळागरातलं कौलारू घर.)

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा अजून वाड्यावर आलेला नाही. आजी खाटेवर बसली आहे. चहा नाही, बोलणं नाही. पाच मिनिटं अशीच गेली की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं टेकवते आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. कॅलेंडरच्या चौकटीत आकडा पडतो: 76.

लहानपणीच्या रुमॅटिक तापानं तिच्या हृदयातली मिट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) खराब केली होती. ती काढून कृत्रिम झडप बसवली. रात्री निजानीज झाली की नातवाला तिची टिकटिक ऐकू येते. घरच्यांचा कान त्या टिकटिकीकडे असतो. पण त्याहून मोलाचं ते हे कॅलेंडर.

हृदय भरतं ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त मिळतं ते मुख्यतः तेव्हाच. मिनिटाला 60 ठोके असले तर एका ठोक्याच्या वाट्याला एक सेकंद येतो. 100 झाले की 0.6. आकुंचनाचा वेळ थोडाच घटतो, कात्री लागते ती विसाव्याला. काहींची महाधमनीची झडप, म्हणजे हृदयातून बाहेर जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशी असलेली, वर्षानुवर्षं आकसलेली असेल तर हृदयाची भिंत जाड, ताठ होते. नवी झडप बसली म्हणून ती लगेच सैल होत नाही. अशा हृदयाला भरायला वेळ लागतोच.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नाडी थोडी जलद चालते, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण महाधमनीची झडप बदललेल्या रुग्णांच्या अभ्यासांत, घरी जातानाच ज्यांची विश्रांतीतली नाडी जलद होती, त्यांच्यात पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं आहे. म्हणजे वेगानंच जीव जातो असं नाही. रक्त कमी असेल, झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल, हृदयाभोवती पाणी साचलं असेल, तरी नाडी धावते. कारण शोधायला हवं. आणि नाडी फारच मंदावली, चक्कर आली, तर तेही लगेच दाखवायला हवं. महाधमनीच्या झडपेला लागूनच ठोक्याचा इशारा नेणारी हृदयाची विजेची वाट जाते; तिला धक्का लागला तर ठोके मंदावतात.

(दृश्य: कॅलेंडर, जुलैचं पान.)

78. 75. 77. मग एकदम 112, आणि शेजारी पेन्सिलीनं: ‘अडखळते’. छातीत दुखत नव्हतं, धाप नव्हती. तरी सुनेनं त्याच सकाळी इस्पितळात नेलं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात कर्णिका, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, नुसती थरथरते, रक्त साकळतं, गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासला, औषधं बदलली.

पुढे चवथीच्या चौकटीत माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानाची यादी आहे. तिच्याखाली, बारीक अक्षरात, 74.