आमच्या आडाला कात्रजचं पाणी

(पडद्यावर : फडके हौद चौक, सकाळचे आठ. दुधाची गाडी, हॉर्न, शटर वर जातायत.)

'आमचा वाडा' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाबा म्हणायचे आमचा वाडा, काका म्हणायचे आमचा वाडा, आणि आत्या तर अजूनही म्हणते, कोथरूडला टू बीएचकेच्या गॅलरीत बसून, की आमच्या वाड्यात ना पहाटेच जाग यायची. त्यामुळे मी आपलं धरूनच चालले होते की आपला एक वाडा होता, म्हणजे मालकीचा, दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, सगळं, आणि मग कोणीतरी काहीतरी गडबड केली आणि तो हातचा गेला. शाळेत मैत्रिणींना मी तसं सांगूनही ठेवलं होतं, थोडं तिखटमीठ लावून.

मग हा व्हिडिओ करायचं ठरलं आणि मी त्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड काढलं. वरपासून खालपर्यंत तीनदा वाचलं. आमचं आडनाव कुठेच नाही.

आत्याला फोन लावला.

"अगं आपण भाडेकरू होतो," आत्या म्हणाली, जणू काही हे सगळ्या जगाला माहीत आहे. "दोन खोल्या आणि जिन्याखाली सरपणाची जागा. पण वाडा आमचाच होता की."

पुण्यात हे असं बोलणारी घरं ढिगानं सापडतील. पेठांतल्या वाड्यांत मालक एक आणि बिऱ्हाडं आठ-दहा, कधी त्याहून जास्त, आणि वाडा सगळ्यांचाच 'आमचा'. पण कागद काढायला गेलात की फक्त मालक दिसतो. मालकाचा मुलगा, त्याची वाटणी, बोजा, विक्री, सगळं तारीखवार. आणि ज्यांनी तीन पिढ्या त्याच चौकात पापड वाळवले, बारशी केली, भांडणं केली, त्यांची एक ओळ नाही. अजून मागे जायचं तर पेशवे दप्तर आहे, रुमालांत बांधलेले मोडी कागद, आणि मोडी शिकायची तर भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच, १९१० सालापासून. पण तिथेसुद्धा इनामदार, सरदार, देवस्थानं, सावकार. दोन खोल्यांतल्या माणसाला कोण रुमालात बांधून ठेवतंय!

तर मग आमच्यासारख्यांनी मूळ शोधायचं कुठे? आत्याकडे. आत्याच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, साडीच्या घडीखाली.

(पडद्यावर : आत्याचे हात. पिवळं पडलेलं पोस्टकार्ड, भाडेपावत्यांचा गठ्ठा, सुतळी.)

पोस्टकार्डावर पत्ता काय, तर आजोबांचं नाव, मालकांचं नाव आणि पुढे वाडा, फडके हौदाजवळ, कसबे पुणे. झालं. ना गल्लीचं नाव ना घर नंबर. आणि पत्र बरोबर पोचलंय! तसेही पेठांतले घर नंबर रस्त्याप्रमाणे नसतातच, पेठेप्रमाणे असतात, त्यामुळे नंबर माहीत असून उपयोग नाही, तुम्हाला शेवटी वाण्यालाच विचारावं लागतं. म्हणून पुण्यातला पत्ता कायम कशाच्या तरी 'जवळ', 'समोर' किंवा 'मागे' असतो, आणि ते कशाच्या तरी म्हणजे एक तर देव नाही तर पाणी. पासोड्या विठोबा म्हणा, सोन्या मारुती म्हणा, नाही तर मग हौद. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, साततोटी. साततोटी हे चौकाचं नाव आहे हे मला माहीत होतं, पण ते पाण्याच्या सात तोट्यांवरून आहे हे डोक्यात यायला मला तिशी उलटावी लागली, ते जाऊ दे.

आता हे हौद आले कुठून? नानासाहेब पेशव्यांच्या काळात, साधारण १७५० च्या आसपास, कात्रजला बंधारा घालून तलाव केला आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. आठेक किलोमीटर. दगड, वीट, चुना. माणूस आत उतरून चालू शकेल एवढी मोठी नळाची वाट, आणि पंप वगैरे काही नाही, नुसता उतार. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास. शब्द बघा काय सुंदर आहे, उच्छ्वास, म्हणजे आत कोंडलेली हवा बाहेर जायला आणि साफसफाईला माणूस उतरायला केलेलं दगडी धुराड्यासारखं बांधकाम. आतला गाळ खाली बसायचा आणि वरचं निवळ पाणी पुढे सरकायचं. पेठेत आल्यावर ते हौदांत पडायचं, आणि काही मोठ्या वाड्यांच्या आडांनासुद्धा त्याची जोडणी होती.

इथे आत्या मधेच बोलली. मी कॅमेरा बंद केला नव्हता हे माझं नशीब.

"आमच्या आडाला कात्रजचं पाणी होतं," ती म्हणाली. "भर मे महिन्यात सुद्धा आटायचा नाही. शेजारच्या वाड्यातला आटायचा. मग यायचे कळश्या घेऊन."

तिच्या आवाजात तेव्हा जो काही तोरा होता ना, तो मला प्रॉपर्टी कार्डवर मालकाचं नाव वाचून नाही जाणवला. भाडेकरूचं मालकीहक्काचं काय असेल तर ते हे, आमच्या आडाला कात्रजचं पाणी.

(पडद्यावर : तांबट आळी. आधी नुसता आवाज, मग चित्र.)

पहाटे जाग का यायची, तर तांबट आळी. कसब्यातच, चालत पाच मिनिटं. कसबा म्हणजे पुण्याची सगळ्यात जुनी पेठ, कसबा गणपती, लाल महाल, हे तुम्हाला माहितीये, त्यात मी जात नाही. पण पेशवाईत शहर वाढलं तसे कारागीर येत गेले आणि एकेका धंद्याची एकेक आळी झाली, त्यातली ही तांब्याची. कोकणातून आलेले हे लोक. तांब्याचा पत्रा ठोकून हंडे, घंगाळी, पाण्याचे बंब करायचे, आणि शेवटचा हात म्हणजे मठार. गुळगुळीत हातोडीनं एकासारखे एक ठोके घालत जायचं, ओळीनं, भांडं फिरवत फिरवत, की पत्रा घट्ट होतो आणि त्यावर ते माशाच्या खवल्यांसारखे चमकणारे चट्टे उठतात. लोकांना वाटतं ती नक्षी आहे. नक्षी आहेच, पण आधी ती मजबुती आहे, ठोक्यानं तांबं कडक होतं.

मी गेले तेव्हा एक काका बसले होते, सत्तरीचे असतील. त्यांना विचारलं, काका आवाजाचा त्रास नाही होत? ते म्हणाले, "आवाज थांबला की होतो." आणि परत ठोकायला लागले. मुलाखत संपली.

आधी स्टील आलं, मग गीझर आला, आणि बंब गेले माळ्यावर. आता तिथे बनतात ते दिवे, कुंड्या, हॉटेलात पाणी द्यायचे जग, आणि ते विकतही जातात चांगले. आमच्याकडे बंब नाही उरला, मोडीत घातला कोणीतरी, कोणी ते कोणी सांगत नाही. पण कळशी आहे.

आणि सगळा व्हिडिओ खरं तर या कळशीसाठी आहे.

(पडद्यावर : कळशी, गळ्याजवळ क्लोजअप. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं.)

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, म्हणजे होती, भांडीवाल्याच्या दुकानाबाहेर एक माणूस बसायचा आणि छिन्नीनं टकटक करत नाव घालून द्यायचा, पुढे त्याची मशीन आली, घर्रर्र करणारी. लग्नात दिलेल्या भांड्यावर कोणी दिलं, कोणाला दिलं, कधी दिलं, सगळं. घरोघरी फडताळात हे असं पडलेलं असतं आणि आपण त्यावर राख नाही तर पितांबरी घासतो, वाचत नाही. आत्यानं ही कळशी साठ वर्षं घासली असेल. मी चिंच लावून घासली आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारला.

आजीचं नाव. त्याखाली, मामांकडून. त्याखाली, संगमेश्वर. आणि वैशाख शके १८५८.

शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा, १९३६. आजीच्या लग्नाचं साल. पण संगमेश्वर? आमच्या घरात तर कायम 'आम्ही मूळचे पुण्याचे' असं चालू असायचं, बाहेरून आलेल्यांना नावं ठेवण्यात आमचा हात कोणी धरला नसता. आणि आजीचे मामा निघाले रत्नागिरी जिल्ह्यातले! मी आत्याला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरीच आई आमटीत कोकम घालायची. आम्हाला वाटायचं चिंच परवडत नाही."

मी हसले, ती हसली नाही. तिनं कळशी माझ्याकडून घेतली आणि स्वतः डोळ्यांजवळ धरून वाचली, बोट फिरवत, आंधळ्या माणसानं वाचावं तशी. साठ वर्षं.

(पडद्यावर : नदीपात्र, पूल. वरून चाललेली वाहतूक.)

१२ जुलै १९६१. पुण्यात म्हाताऱ्या माणसाला नुसतं 'पूर' म्हणा, साल सांगावं लागत नाही. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला फुटलं, आणि भर दिवसा नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. वाडे मातीचे, पांढऱ्या मातीच्या भिंती, पाण्यात उभे राहिले आणि विरघळत बसले. मग पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या, गोखलेनगर वगैरे, आणि ते निसेन हट, म्हणजे अर्धगोल पत्र्याची घरं. शहर नदीपासून लांब सरकलं ते तेव्हा, पेठेतली माणसं जिथे नुसती शेतं होती तिकडे राहायला गेली.

आत्या तेव्हा सोळा वर्षांची. त्यांच्या वाड्यापर्यंत पाणी आलं नाही. पण खडकवासलाच गेलं म्हटल्यावर नळ कोरडे. म्हणजे बाहेर एवढा पूर आणि घरात प्यायला थेंब नाही. आणि मग सगळी आळी आमच्या आडावर. पोहरे, दोऱ्या, रात्री कंदील लावून रांग, मालकांनी दिंडी दरवाजा उघडाच ठेवला होता, आणि आजी ही कळशी घेऊन काठावर उभी, कोणाच्या घरात लहान मूल आहे त्याला आधी. आत्या म्हणते मालक सुद्धा रांगेत होते. हे मला जरा जास्त वाटतं, पण असू दे, तिचा वाडा आहे.

वाडा गेला कसा, ते पटकन सांगते, कारण सगळ्यांचा एकसारखाच जातो. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा, भाडं गोठलं. सुतळीतल्या पावत्या बघा, महिना अकरा रुपये, वर्षानुवर्षं अकराच. भाडेकरूला घर सोडायचं नाही, मालकाला त्या पैशात कौलसुद्धा बदलता येत नाही, पावसाळ्यात एकेक तुळई कुजते, आणि दोघं एकमेकांशी बोलणं सोडतात. खलनायक दोघांपैकी कोणीच नाही, मी दोन्हीकडच्या लोकांशी बोलले. मग १९९९ चा नवा कायदा झाला, तोवर इकडे बिल्डर येऊन गेला होता. आजोबांनी थोडे पैसे घेतले आणि आम्ही कोथरूड. दरवाजाच्या पितळी कड्या कुठे गेल्या ते कोणालाच माहीत नाही.

(पडद्यावर : पाच मजली इमारत. पार्किंग.)

प्रत्यक्ष इमारत सापडली ती प्रॉपर्टी कार्डवरून नाही की पोस्टकार्डवरून नाही, पाण्यावरून सापडली. मी चौकातल्या तीनचार इमारतींत विचारत फिरले की इथे खाली जुना आड आहे का हो, लोक मला महापालिकेची समजून जरा जपूनच बोलत होते. चौथ्या ठिकाणी वॉचमन म्हणाला, आहे ना, पार्किंगमध्ये, स्कूटरच्या खाली.

आत्याला रिक्षानं आणलं. मेट्रोनं म्हणत होते मी, कसबा पेठ स्टेशन आता अगदी जवळ पडतं, पण ती म्हणाली जमिनीखालून पाणी यावं, माणसानं नाही. कळशी तिनं बरोबर घेतली होती, पिशवीत, मला न सांगता.

वॉचमननं दोन स्कूटर सरकवल्या, लोखंडी झाकण ओढलं. खाली दगडी बांधकाम, शेवाळं, आणि बऱ्यापैकी वर पाणी, मार्च महिना होता. आत्या वाकली, मी तिचा दंड धरला.

"काय करता या पाण्याचं?" तिनं विचारलं.

"गाड्या धुतो मावशी. मोटर लावलीये."

"कात्रजचं पाणी आहे ते."

"नाय हो, बोअरचं असंल."

मला वाटलं आता ही त्याला पेशवाईपासून सुरू करून ऐकवणार. पण तिनं फक्त पिशवीतून कळशी काढली, त्याच्या हातात दिली, आणि मोटरचा नळ कुठे आहे ते विचारलं. त्यानं भरून दिली. तिनं ती ओणवी होऊन पाहिली, वास घेतला, प्यायली नाही.

मग पार्किंगमधल्या एका मळक्या गाडीकडे बघून त्याला म्हणाली, "एवढं चांगलं पाणी आहे, मग जरा नीट तरी धुवा."