साबण हा पुरुमेंताचा जिन्नस

नमस्कार मंडळी.

गोव्यातल्या जुन्या स्वयंपाकघरांत भांडी घासायला दोन वस्तू हमखास असत: नारळाचं सोडण (वरचं तंतूंचं साल) आणि चुलीतला गोबर, म्हणजे राख. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. कढईला चिकटलेल्या तेलाशी त्यांची गाठ पडली की थोडाफार साबण तिथल्या तिथे तयार होतो. ओशट कढई राखेने निघते, त्याचं हे एक कारण. घरी साबण करायचा म्हणजे हीच क्रिया मोजूनमापून करायची.

तेलाच्या एका रेणूत तीन स्निग्धाम्लं एका ग्लिसरिनला धरून असतात. कॉस्टिक सोडा ही पकड सोडवतो. स्निग्धाम्लं आणि सोडियम मिळून साबण होतो, आणि ग्लिसरिन मोकळं होतं. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा वेगळं काढून घेतात. घरच्या वडीत ते सगळं राहतं. आज सांगणार आहे त्या प्रमाणात ५०० ग्रॅम तेलातून ५० ग्रॅमांहून जास्त. घरच्या साबणाचा मऊपणा बराचसा यातून येतो. पण हेच ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या हवेत पाणी किती असतं हे तुम्हाला सांगायला नको. बाहेरून येणाऱ्या बहुतेक कृती कोरड्या, थंड हवेतल्या लोकांनी लिहिलेल्या असतात, त्यांत ऋतूचा उल्लेखच नसतो. आपल्या कृतीत तो पहिल्या ओळीत हवा. सुकी मासळी, सोलां, मीठ, मिरच्या हे सगळं आपण मिरगाआधी वाळवून, बांधून ठेवतो. साबणही त्याच पुरुमेंतातला, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीतला, एक जिन्नस समजा.

म्हणजे दिवाळी झाली की सुरुवात करायची. तिथपासून शिगम्यापर्यंतचे महिने सगळ्यांत चांगले. चवथीला पाहुण्यांच्या हातात घरची वडी द्यायची असेल, तर शेवटची खेप एप्रिलच्या मध्यापर्यंत साच्यात गेली पाहिजे. मग मे संपेपर्यंत तिला वाळायला सहा आठवडे मिळतात. जुलैत साबण होत नाही असं नाही. होतो, पण वाळत नाही.

आता सोडा, म्हणजे वर सांगितलेला कॉस्टिक सोडा. हे सोडियम हायड्रॉक्साइड ९७ टक्क्यांच्या वर शुद्धतेचं घ्या, दाणे किंवा पापुद्रे कसेही चालतील. मोरीचा पाइप मोकळा करायची पावडर घेऊ नका. तिच्यात कधीकधी ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात. सोडा हवेतलं पाणी इतक्या जोरात ओढतो की दमट दिवशी उघड्या वाटीतले दाणे काही मिनिटांत ओले दिसू लागतात, एकमेकांना चिकटतात. ते ओले दाणे तुम्ही ७२ ग्रॅम मोजलेत, तर त्यात सोडा ७२ ग्रॅम नसतोच, काही भाग पाण्याचा असतो. साबण मऊ, तेलकट राहतो आणि दोष तेलाला दिला जातो. म्हणून डबा जाड प्लास्टिकचा, घट्ट फिरकीच्या झाकणाचा. मोजायचं आणि लगेच झाकण लावायचं.

पहिल्या खेपेसाठी प्रमाण असं धरा: खोबरेल २५० ग्रॅम, तांदळाच्या कोंड्याचं तेल १५० ग्रॅम, कोकमाचं मुठेल (बियांचं घट्ट तेल) ५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. सोडा ७२ ग्रॅम, पाणी १४४ ग्रॅम. शंभर-शंभर ग्रॅमांच्या सातएक वड्या होतात. सगळं वजनाने, पाणीसुद्धा. कप आणि चमचे या कामाला चालत नाहीत.

खोबरेल फेस देतं आणि वडी कडक करतं. मुठेल कडकपणा टिकवतं. एरंडेलाने फेस लवकर बसत नाही. कोंड्याच्या तेलाने तो दाट, सायीसारखा होतो.

हा ७२ चा आकडा कुठून आला ते नीट बघा, कारण बहुतेक खेपा इथेच फसतात. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. १ ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम, कोंड्याच्या तेलाला ०.१३३, मुठेलाला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. वजनाने गुणून बेरीज केली की साधारण ७९ ग्रॅम येतात. त्यातून आठ-नऊ टक्के कमी केले, म्हणजे तेवढं तेल साबण न होता वडीत राहतं. याला सुपरफॅट म्हणतात. आता समजा घरात खोबरेल संपलं आणि कुणी त्याच्या जागी २५० ग्रॅम शेंगदाण्याचं तेल घातलं, सोडा तोच ठेवला. शेंगदाणा तेलाला ०.१३७ पुरतं. एकूण गरज ६७ ग्रॅमांच्या आसपास येते, आणि आपण घातला ७२. साडेचार ग्रॅमांहून थोडा जास्तच सोडा मोकळा राहिला. दिसायला ती वडी सुंदर असते, पण अंगाला लावली तर भाजते. तेल बदललं की गणित पुन्हा करायचं, याला अपवाद नाही.

तेल ताजं हवं. घाण्याचं खोबरेल घेत असाल तर गाळून, तळाशी गाळ नाही हे बघून घ्या. खवट तेलात मोकळी आम्लं जास्त असतात. ती सोड्याला क्षणात मिळतात आणि मिश्रण हातात असतानाच आळतं. पाण्याचंही तसंच. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं, आणि लोहामुळे तेल लवकर खराब होतं. दोन महिन्यांनी वडीवर नारिंगी ठिपके आणि खवट वास येतो तो बऱ्याचदा यामुळे. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, १४४ ग्रॅमांचा खर्च काही मोठा नाही.

भांडी स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची. जर्मनचा टोप अजिबात नको. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. तांबं-पितळही नको. लाकडी दवली एक-दोनदा टिकेल, मग तिचे धागे सुटून साबणात येतील. हँड ब्लेंडर घेताना त्याची दांडी स्टीलची आहे ना ते तपासा.

काम मागल्या पडवीत करा, वारा हवा पण पंखा नको. मुलं आणि मांजरं घरात. डोळ्यांवर बंद चष्मा, हातांत रबरी मोजे, बाह्या लांब. सोडा पाण्यात घालायचा, थोडा थोडा, ढवळत. पाणी सोड्यावर ओतलं तर ते उसळून तोंडावर येऊ शकतं. द्रावण पाहता पाहता ८० अंशांच्या पुढे जातं आणि नाकाला झोंबणारी वाफ येते. तोंड बाजूला ठेवा. पाणी आधी गढूळ होतं, मग नितळ. भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेला तर पाणी ओतत राहायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

तिकडे मुठेल वितळवून त्यात बाकीची तेलं मिसळा. तेल आणि द्रावण दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आली की द्रावण बारीक धारेने तेलात ओता. ब्लेंडर आधी पूर्ण बुडवा, आपटून आतली हवा काढा, मग चालू करा. पाच सेकंद फिरवा, दहा सेकंद नुसतं हलवा.

इथून पुढची पाच-सात मिनिटं या छंदाचं सगळ्यांत मोठं सुख. सुरुवातीला तेलाचे पिवळे तवंग वर पळत असतात. मग रंग फिका होतो, कडेची चकाकी जाते, मिश्रण सोलकढीइतकं एकजीव होतं. अजून थोडं फिरवलं की ब्लेंडर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर रेघ ठेवते, आणि ती रेघ तीन-चार सेकंद बुडत नाही. याला ट्रेस म्हणतात. थांबायचं ते इथेच. सुगंधी तेल घालायचं असेल तर आत्ता, १५ ग्रॅमांपेक्षा जास्त नाही. गवती चहाचं तेल शांतपणे मिसळतं. लवंगेचं तेल मात्र मिश्रण बघता बघता दगड करतं. हवंच असेल तर अगदी थेंबांत.

एक फसवा ट्रेसही असतो. डिसेंबरातल्या पहाटे खोबरेल बाटलीत थिजलेलं आपण बघतोच, ते २४-२५ अंशांखाली गोठतं. मुठेल तर चाळिशीच्या आसपासच गोठू लागतं. तेल गार असताना काम केलं, तर मिश्रण दाट दिसतं, पण तो दाटपणा गोठलेल्या चरबीचा असतो. साच्यात ते पुन्हा सुटतं, वर तेल आणि खाली सोड्याचं पाणी. शंका आली तर टोप गरम पाण्यात ठेवा. खरा ट्रेस ऊब दिल्याने पातळ होत नाही.

साचा म्हणून बटर पेपर लावलेला लाकडी खोका उत्तम. परदेशी कृतींत साचा टॉवेलात गुंडाळायला सांगतात. आपल्याकडे मार्चनंतर त्याची गरज नाही. खोबरेलाचं मिश्रण स्वतःच इतकं तापतं की मधोमध फुगून चीर जाते. पंख्याखाली ठेवा.

आता नुसत्या खोबरेलाच्या साबणाबद्दल, कारण गोव्यात ही इच्छा होणारच. ५०० ग्रॅम खोबरेल, ७३ ग्रॅम सोडा, १४६ ग्रॅम पाणी. यात सुपरफॅट २० टक्के धरलं आहे. पाच टक्के धरलं तर हा साबण कातडीवरचं सगळं तेल काढून नेतो. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, त्यामुळे याचा फेस समुद्राच्या पाण्यातही होतो, इतर बहुतेक तेलांचा होत नाही. पण कापायची वेळ चुकवू नका. वरची मिश्र खेप दुसऱ्या दिवशी कापली तरी चालते. ही चार-सहा तासांत कापावी लागते. बोटाने दाबल्यावर ताज्या चीजसारखी लागली की तार फिरवा. रात्रभर ठेवली तर सुरीखाली तिचे कपचे उडतात.

आपल्याकडचं काय काय घालता येईल, हे नेहमी विचारलं जातं. फेणी आणि हुर्राक नको, अल्कोहोलने मिश्रण एकदम आळतं आणि तापतं. सुरेत (माडाच्या ताडीत) अल्कोहोल आणि साखर दोन्ही. घालायचीच तर उकळून, आटवून, पूर्ण गार करून. माडाचा गूळ चमचाभर, पाण्यात विरघळवून, फेस वाढवतो. जास्त झाला तर साचा उतू जातो. पाण्याऐवजी नारळाचा रस वापरता येतो, पण त्याचे बर्फासारखे खडे करून त्यांवर सोडा अगदी हळू घालायचा. नाहीतर रस जळून तांबूस होतो. आमसुलाचा लाल रंग साबणात टिकत नाही, अल्कलीत तो बदलून मळकट होतो, शिवाय त्यातली आम्लं थोडा सोडा खाऊन टाकतात. हळद घातल्या घातल्या लालसर होते, नंतर सोनेरी, आणि उन्हात ठेवली तर उडते. अबोली, जास्वंद, सुरंगी वडीत घालू नका. बहुतेक फुलं तपकिरी पडतात, आणि सुरंगीचा वास सोड्यापुढे टिकत नाही. ही शेवटची गोष्ट स्वीकारणं कठीण जातं, हे मला ठाऊक आहे.

कापलेल्या वड्या बांबूच्या रोवळीत, एकमेकींना न चिकटता उभ्या ठेवा. लोखंडी जाळी नको, तिचे डाग पडतात. दोन-तीन दिवसांनी ओलं बोट वडीवर चोळून जिभेच्या टोकाला लावा. सपक, साबणासारखी चव आली तर ठीक. बॅटरी चाटल्यासारखा झटका बसला तर सोडा मोकळा आहे. आठवड्याने पुन्हा बघा, तरीही बसला तर ती खेप अंगाला लावायची नाही. वरचा पांढरा भुरका मात्र दोष नव्हे. तो सोड्याचा आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा क्षार, धुतला की जातो.

चार आठवडे ही कमीत कमी मुदत. खरी खूण वजनाची. दर रविवारी एकाच वडीचं वजन कागदावर लिहा. सलग दोन आठवडे ते उतरलं नाही की साबण वाळला. जूननंतर हेच वजन वाढताना दिसेल आणि वडीवर दवासारखे थेंब येतील. साबण बिघडला असं समजून लोक तो फ्रिजमध्ये टाकतात. बाहेर काढल्यावर अजून पाणी धरतो. सुती फडक्याने टिपा, बटर पेपरात गुंडाळा, घट्ट डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसह ठेवा. कोवळी वडी मात्र अशी बांधू नका, तिचं पाणी आतच कोंडतं.

फसलेली खेप लगेच टाकू नका. तेल आणि पाणी सुटलं असेल तर मोजे घालून सगळं, सुटलेल्या पाण्यासकट, स्टीलच्या टोपात घ्या आणि तो टोप उकळत्या पाण्यावर ठेवा. तास-दीड तास अधूनमधून ढवळत शिजवलं की ते शिजवलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं दाट आणि थोडं पारदर्शक होतं. सोडा जास्त झाला असेल तर वडी किसून तशीच वितळवा, सोडा किती ग्रॅम जास्त झाला ते गणिताने काढा, त्याला ०.१८३ ने भागून येईल तेवढे ग्रॅम खोबरेल घाला आणि थंड झाल्यावर जिभेची परीक्षा पुन्हा घ्या. साच्यात दाबून भरा. वडी ओबडधोबड दिसेल, काम चांगलं करेल. आणि परीक्षेत पास झालेली, पण अंगाला लावायला नको वाटणारी वडी किसून बरणीत भरा. सोडणावर चिमूटभर घेतली की तेलकट कढई गोबरापेक्षा लवकर निघते.