जुळं आहे, पण वार किती?

श्रोतेहो, नमस्कार.

सोनोग्राफीत जुळं दिसलं की घरात आनंद होतो, आणि तो व्हावाच. पण त्या भरात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. तो प्रश्न आज मी तुमच्याकडून पाठ करून घेणार आहे. डॉक्टर 'जुळं आहे' म्हणाले की तिथल्या तिथं विचारायचं, 'वार एक आहे की दोन?' पुन्हा सांगते. वार एक आहे, की दोन?

वार म्हणजे बाळाला नाळेतून पोसणारी, बाळंतपणानंतर पडणारी प्लासेंटा, हे आपल्या बायांना सांगायला नको. दोन वेगळ्या बीजांची जुळी असली तर प्रत्येकाची वार स्वतंत्र असते. एकाच बीजाचे दोन भाग होऊन जी एकसारखी जुळी होतात, त्यांची वार मात्र बहुतेक वेळा दोघांत मिळून एकच असते. पाण्याच्या पिशव्या सहसा दोन, वार एक. सगळी काळजी आहे ती या एका वारेची. आणि हे नीट ओळखता येण्याची वेळ ठरलेली आहे, ११ ते १४ आठवडे, म्हणजे तिसरा महिना सरता सरता. पुढं पुढं ते अवघड होत जातं. तेव्हा पहिली सोनोग्राफी वेळेत करा आणि वार किती ते रिपोर्टवर लिहून घ्या.

जोडकेळं खाल्ल्यानं जुळं होत नाही, हेही सांगून टाकते. एकसारखं जुळं सहसा कुणाच्या घराण्यातून येत नाही. हजार बाळंतपणांत तीन-चार, जगात सगळीकडं जवळपास तेवढंच. त्यामुळं पुढं काही अडचण आली तर सुनेच्या माहेराला नावं ठेवू नका. तिनं घागर उचलली होती का, ग्रहण पाळलं होतं का, याचाही काही संबंध नाही. वारेतल्या रक्तवाहिन्या कशा जुळाव्यात हे कुणाच्या हातात नसतं.

अडचण नेमकी काय ती ऐका. एका विहिरीवर दोन भावांचे वाटे असावेत, तसं हे आहे. पाणी सारखं वाटलं गेलं तर दोन्ही रानं पिकतात. पण एकाच वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि कधी कधी एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडं वाहत राहतं. देणाऱ्याला रक्त कमी, म्हणून त्याची लघवी कमी, म्हणून त्याच्या भोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याला रक्त जास्त, लघवी जास्त, त्याच्या भोवती पाणीच पाणी. आणि घेणारं बाळ मजेत असतं असं समजू नका, त्याच्या हृदयावर ताण येतो. धोका दोघांनाही असतो. एका वारेच्या शंभर जुळ्यांत दहा ते पंधरा ठिकाणी हे होतं.

आता एका सासूची गोष्ट सांगते. मी परभणी जिल्ह्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते तेव्हाची. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. गंगाखेडकडचं, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठचं गाव. मुलगा ऊसतोडीला जाणारा. दसरा झाला, टोळी निघायची वेळ आली आणि सून गरोदर, पोटात जुळं. मुकादमानं आगाऊ उचल दिलेली होती ती जोडीची, अख्ख्या कोयत्याची; नवरा-बायको मिळून एक कोयता. सासू मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, 'सून फडावर येत नसते. पोरगा एकटा येईल, अर्धा कोयता धरा.' उचलीतले अर्धे पैसे परत करायला तिनं दोन शेळ्या विकल्या.

माझं याबाबतीत ठाम मत आहे. गरोदर बाईनं उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढू नये. पण उचल जोडीच्या नावानं असते तोवर बाई एकटी मागं राहणार कशी? उचलीच्या हिशोबात बाईचं नाव वेगळं, तिचा पैसा वेगळा झाला पाहिजे. हे मी जिथं संधी मिळेल तिथं बोलते, म्हणून इथंही बोलले.

तर ही सासू. तिची एक सवय होती. दर सोमवारी सकाळी सुनेला उताणी निजवायची, परकराची एक जुनी नाडी तिच्या बेंबीवरून कमरेभोवती फिरवायची, आणि टोक जिथं भिडेल तिथं गाठ मारायची. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. नाडीवर गाठी पडत गेल्या, सोमवारमागून सोमवार, साधारण एकेका बोटाच्या अंतरानं. पाचवा महिना लागला आणि एका सोमवारी नाडी एकदम चार बोटं पुढं गेली.

शेजारणी म्हणाल्या, 'दोन लेकरं हाईत, पोट वाढणारच की!' सून म्हणाली, 'आत्या, पडलं की दम लागायलाय. झोप येईना गेली. कातडं तटतट करायलंय.' सासूनं गुरुवारी परत नाडी लावली. आणखी दोन बोटं. सोनोग्राफीची तारीख तीन आठवडे लांब होती. ती थांबली नाही. पहाटेच्या एसटीनं सुनेला घेऊन आली आणि ओपीडी सुरू व्हायच्या आधीच माझ्या टेबलावर तिनं ती नाडी ठेवली.

मी म्हटलं, 'मावशी, हे काय?'

म्हणाली, 'सिस्टर, ह्या गाठी दर सोमवारच्या. ही ह्या सोमवारची अन् ही कालची. लेकरं काय चार दिवसांत एवढी वाढत नसतेत. आत काहीतरी दुसरंच वाढायलंय.'

श्रोतेहो, इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं नेमकं निदान घरून घेऊन आलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी नाडी हातात घेतली, गाठी बोटांनी मोजल्या आणि सुनेला तडक सोनोग्राफीला नेलं. एका बाळाभोवती पाणी दहा सेंटिमीटरहून खोल. दुसऱ्याभोवती जवळपास काहीच नाही. ते पोर पातळ पडद्यात आवळलेलं, पिशवीच्या कडेला चिकटून बसलेलं, आणि त्याची लघवीची पिशवी रिकामी, दिसतसुद्धा नव्हती. मग आम्ही आधीचा रिपोर्ट काढला. त्यात दोन बाळं, दोन ठोके, सगळं होतं. वार एक की दोन, ही ओळ नव्हती. ती ओळ असती तर सोळाव्या आठवड्यापासून तिला दर पंधरा दिवसांनी बोलावलं असतं.

डॉक्टरबाईंनी फोन करून हैदराबादला बोलणं केलं. पोरगा फडावरून रातोरात आला. गावानं वर्गणी केली, सासूनं पाटल्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी परभणीहून देवगिरी एक्सप्रेस धरली. तिथं आईच्या पोटातून बारीक दुर्बीण घालून, वारेवरच्या ज्या रक्तवाहिन्या दोन्ही बाळांना जोडत होत्या त्या लेसरनं बंद केल्या आणि जास्तीचं पाणी काढून टाकलं. ही शस्त्रक्रिया साधारण १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान होते. सून त्या वेळी जागी होती, पोटापुरती भूल दिली होती. बाहेर सासू हातात नाडी घेऊन बसली होती म्हणे.

बाळंतपण आमच्याकडंच झालं, तेहतिसाव्या आठवड्यात. फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला आधी इंजेक्शनं दिलेली होती. दोन्ही मुली. एक पावणेदोन किलोची, दुसरी सव्वा किलोची. दोघींना नवजात कक्षात ठेवलं, आणि पुढं छातीशी उघड्या अंगाला लावून धरायची वेळ आली तेव्हा एक आईकडं, एक आजीकडं. भेटायला आलेली एक बाई बोलून गेली, 'दोन्ही पोरीच?' आजी म्हणाली, 'नाडीला कळत नसतं पोरगा का पोरगी. मी पोट मोजलं, अन् दोन्ही माझ्या हाईत.' सोनोग्राफीच्या खोलीत मुलगा की मुलगी विचारणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. १९९४चा कायदा आहे, ते सांगणंही गुन्हा आहे आणि विचारणंही. विचारायचा प्रश्न एकच, वार एक की दोन.

डॉक्टरबाई त्या आजीला म्हणाल्या, 'मावशी, नाडी मला द्या, शिकणाऱ्या मुलींना दाखवीन.' तिनं दिली नाही. 'परकराची हाय, लागती,' म्हणाली.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. उपचार झाले नाहीत तर पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या या आजारात बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात. लेसर झाल्यावर दहापैकी आठ-नऊ जणींचं निदान एक बाळ वाचतं. दोन्ही वाचतातच असं नाही. आणि घरी पोट मोजणं ही सोनोग्राफीच्या मधल्या दिवसांची राखण आहे, सोनोग्राफीची जागा ती घेऊ शकत नाही. कारण वार एक असताना आणखीही गोष्टी होतात. वारेचा वाटा कमीजास्त पडून एक बाळ वाढत नाही. किंवा पाणी जसंच्या तसं राहून एकाचं रक्त पातळ आणि दुसऱ्याचं घट्ट होतं. नाडीला हे कळणार नाही, सोनोग्राफीत रक्ताचा प्रवाह बघतात त्या डॉप्लर तपासणीतच कळतं. म्हणून पुन्हा सांगते: वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. बाई ठणठणीत असली तरी, शेतात घाई असली तरी, दर पंधरा दिवसांनी.

यात कधी एक बाळ पोटातच जातं. तेव्हा घरातले म्हणतात, लगेच मोकळी करा. तसं घाईनं करायचं नसतं. दुसऱ्या बाळाला किती इजा झाली, त्याचा मेंदू कसा आहे, हे मोठ्या दवाखान्यात बघून डॉक्टर ठरवतात. आणि त्या आईला रडू द्या. 'एक तर आहे ना' असं तिला म्हणू नका.

आईचंही बघायचं आहे. जुळ्यात बीपी वाढतो, साखर वाढते, रक्त कमी पडतं, कळा लवकर येतात, बाळंत झाल्यावर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की ते कमीच. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी बाई दोन लेकरं कशी पोसणार? तिला ताट आधी वाढा. बीपीसाठी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी लागते का, ते तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा.

पोट एकदम ताणलं, पडल्यावर दम लागला, डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळांची हालचाल मंदावली, तर तारखेची वाट बघू नका. १०८ला फोन करा.

सातव्या महिन्यात माहेरी न्यायची आपली रीत मला आवडते, पण एका वारेच्या जुळ्यासाठी ती बाजूला ठेवा. ज्या डॉक्टरांनी पहिल्यापासून बघितलं त्यांच्याजवळ राहा. जिथं नवजात कक्ष आहे तिथंच बाळंतपण करायचं ठरवा, आणि माहेरून आईला तिकडं बोलवून घ्या. नऊ महिने पुरे भरायची वाटही बघायची नसते. सगळं ठीक असलं तरी एका वारेच्या जुळ्याचं बाळंतपण साधारण ३६व्या आठवड्यात करतात. दोघंही एकाच पिशवीत असतील तर नाळा एकमेकींत गुंततात, म्हणून ३२ ते ३४ आठवड्यांतच, सिझेरियननं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायांची तपासणीही मोफत असते. येत्या नऊ तारखेला आशाताईला बरोबर घेऊन जा, सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये लावून न्या, आणि वार एक की दोन ते कार्डावर लिहून आणा.

नमस्कार.