मागचा प्रोपेलर, वरचा रोटर: हलक्या ऑटोजायरोची रचना

ऑटोजायरोच्या वर फिरणारा रोटर पाहून हेलिकॉप्टर आठवेल. पण उड्डाणात या रोटरला इंजिन फिरवत नाही. त्याची चकती थोडी मागे कललेली असते. यान पुढे सरकलं की हवा खालून वर पात्यांमधून निघते आणि तीच पाती फिरती ठेवते. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांचं यान १९२३ साली असंच उडालं.

पुढे रेटण्याचं काम प्रोपेलरचं, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. रोटॅक्स ९१२ यूएलएस हे इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती देतं. १.७२ मीटर व्यासाचा प्रोपेलर त्याला थेट जोडला, तर पात्यांची टोकं सेकंदाला ५२० मीटरने, म्हणजे आवाजापेक्षा कितीतरी वेगाने धावतील. कर्कश गोंगाट होईल आणि रेटा घटेल. म्हणून मध्ये २.४३ : १ चा गिअरबॉक्स. फेरे २३९० च्या आसपास येतात, टोकांचा वेग २१५ मीटर.

तेवढ्याच शक्तीत मोठा प्रोपेलर कमी वेगाला जास्त रेटा देतो, म्हणून मोठा बसवायचा मोह होतो. पण तो खालच्या कण्याच्या नळीला लागू नये म्हणून त्याचा अक्ष वर न्यावा लागतो. रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या बरीच वर गेली, की प्रोपेलर सतत नाक खाली दाबत राहतो. एरवी रोटरची ओढ हा दाब तोलून धरते. हवेच्या धक्क्याने किंवा नियंत्रणाची दांडी पुढे ढकलल्याने रोटरवरचा भार उतरला, की हा तोल जातो आणि यान क्षणात पुढे कोलमडतं. भार नसलेला रोटर दांडीला दाद देत नाही. याला पॉवर पुश-ओव्हर म्हणतात, आणि त्यातून सावरायला बहुतेक वेळा सवड मिळत नाही.

उपाय आराखड्यातच हवा: आसन आणि टाकी उंच घ्या, रेट्याची रेषा आणि गुरुत्वमध्य यांमधलं अंतर शक्यतो ५० मिलिमीटरच्या आत ठेवा, आणि मागे प्रोपेलरच्या झोतात पुरेसं मोठं आडवं स्थिरक बसवा. गुरुत्वमध्य अंदाजाने ठरवू नका. वैमानिक आणि इंधनासह यान रोटरच्या मुख्य बोल्टवर टांगा, ओळंब्याची रेषा आखा. मग दुसऱ्या बिंदूवर टांगून पुन्हा आखा. रेषा जिथे छेदतात, तिथे गुरुत्वमध्य.

मोटारीच्या इंजिनांवर काही जण गिअरऐवजी दातेरी पट्टा वापरतात. दोन पुल्या एका रेषेत नसतील तर पट्ट्याची कड झिजते. तो सैल असेल तर दात उडी मारतात, फार ताणला तर बेअरिंग जातं. गिअरबॉक्स असला तरी इंजिन १४०० फेऱ्यांखाली रेंगाळू देऊ नका. सिलिंडरचे झटके तेव्हा गिअरच्या दातांवर आदळतात.

प्रोपेलर मागे असल्याने इंजिनावरून सुटलेली प्रत्येक वस्तू त्याच्याच पात्यांत जाते. त्यामुळे सायलेन्सरच्या स्प्रिंगांना आणि बोल्टांना सुरक्षा तार हवीच, आणि ती प्रत्येक उड्डाणाआधी हाताने चाचपायची.