ग्लासातलं पाणी काळं का झालं?

[दृश्य : पहाट. नळाखाली हंडा. मागे ओळीनं भरून ठेवलेल्या घागरी, बादल्या, निळं पिंप.]

लातुरात नळाला पाणी येतं त्या दिवशी घरातली बाकीची कामं मागे पडतात. हंडे, कळशा, पिंप, शेवटी दुधाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. काकूंचं वय 71. गुडघे धरलेले, तरी हंडा त्याच उचलतात. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. घरात त्या आणि काका, दोघंच.

मांजरा धरणाकडे डोळे लावून जगणारं हे शहर आहे. एप्रिल 2016 मध्ये इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस काढलेली माणसं अर्धा ग्लास पाणीही ओतून देत नाहीत. आणि दारात कुणी आलं, तर त्याला पाणी दिल्याशिवायही राहत नाहीत.

[दृश्य : फाटक उघडतं. गळ्यात कार्ड, पाठीला पिशवी अडकवलेला तरुण.]

हा प्रसंग आम्ही पुन्हा उभा केला आहे. तरुण आमच्याच चमूतला. ओटा, टिपॉय आणि स्टीलचा ग्लास मात्र काकूंच्या घरचा.

"पाणी तपासायला आलोत." एवढंच वाक्य. कुणाकडून, ते त्यानं सांगितलं नाही. काकूंना वाटलं, महापालिकेचा माणूस. त्यांनी रीतीप्रमाणे ग्लासभर पाणी आणून दिलं. त्यानं ते पिलं नाही. ग्लास समोर ठेवला आणि पिशवीची चेन उघडली.

[दृश्य : ग्लासाचा जवळून घेतलेला शॉट. शेजारी दोन काचेचे ग्लास मांडले जातात.]

हात चालू होते तसं तोंडही चालू होतं. गुडघे दुखतात का? पोट साफ होत नाही का? रात्री उठावं लागतं का? घरी आणखी कोण असतं? सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही हे विचारा, पहिल्या तीनही प्रश्नांची उत्तरं "हो" येतील. चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्याला हवं होतं.

एका काचेच्या ग्लासात काकूंचं पाणी ओतलं. दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. चार दांड्या असलेलं एक छोटं यंत्र दोन्ही ग्लासांवर ठेवलं, वायर बोर्डात खुपसली, बटण दाबलं.

[दृश्य : न तोडता घेतलेला शॉट. पाणी पिवळं, मग हिरवट, मग तपकिरी, शेवटी काळपट. तळाशी गाळ.]

हा शॉट आम्ही कापलेला नाही. काकू जेवढा वेळ त्या ग्लासाकडे बघत होत्या, तेवढाच वेळ तुम्हीही बघा.

शेजारच्या ग्लासात काहीच झालं नाही. ते पाणी तसंच नितळ. "हेच रोज पोटात चाललंय, आजी," असं म्हणून त्यानं काळा ग्लास काकूंच्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत सही झाली, 18,500 रुपये गेले. भिंतीवर पाणी शुद्ध करणारी एक पेटी बसली. पावतीवरचा नंबर आता लागत नाही.

[दृश्य : शाळेची प्रयोगशाळा. लाकडी टेबल, काचेची चंचुपात्रं.]

काकूंच्या नळाचं तेच पाणी आम्ही एका शाळेत घेऊन आलो. पंचवीसेक वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर इथं आहेत. घरातल्या विजेवर हा खेळ करणं धोक्याचं, म्हणून त्यांनी नऊ व्होल्टची बॅटरी घेतली आणि दोन लोखंडी खिळे. वेळ जास्त लागतो, पण घडतं तेच.

आपल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. जमिनीतून आलेल्या पाण्यात ते असणारच, आणि मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात जरा जास्तच. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला खिळा झिजू लागतो. त्याचं लोखंड पाण्यात उतरतं आणि गंज तयार होतो. हिरवट, तपकिरी, काळपट, सगळे रंग त्या लोखंडाचे.

[दृश्य : दोन खिळे पांढऱ्या कागदावर. एक गुळगुळीत, दुसरा खाल्लेला.]

हे दोन्ही खिळे एकाच पुड्यातले. झिजलेला कुठला, ते दिसतंच आहे. काकूंच्या ग्लासातला गाळ नळातून आलेला नव्हता. तो त्या माणसाच्या दांडीतून आला होता.

आता सर खिळे काढतात आणि दोन्ही बाजूंनी तासलेल्या दोन पेन्सिली लावतात. पाणी तेच, बॅटरी तीच. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट, ते लोखंडासारखं विरघळत नाही.

[दृश्य : पेन्सिलींभोवती बुडबुडे. पाणी स्वच्छ.]

बुडबुडे येतात, पाणी नितळ राहतं.

मग त्या पाहुण्याच्या बाटलीतलं पाणी का बदललं नाही? ते आरओचं, म्हणजे पाणी बारीक पडद्यातून गाळणाऱ्या मशीनचं पाणी. त्यातले क्षार काढून टाकलेले, म्हणून वीज जवळजवळ वाहतच नाही. खिळे नुसते उभे राहतात. सर आता त्यात चिमूटभर मीठ टाकतात. आपलं स्वयंपाकातलं मीठ.

[दृश्य : चिमूट. मीठ तळाशी जातं. खिळ्याभोवती पहिला पिवळा धागा. शांतता.]

मला स्वतःला हा क्षण पहिल्यांदा पाहिला तेव्हा राग आला होता. इतकी साधी गोष्ट, आणि ती कुणीच काकूंना सांगितलेली नव्हती.

[दृश्य : पेनासारखा टीडीएस मीटर. नळाचं पाणी, मग शहाळं.]

अशा विक्रेत्यांचं दुसरं हत्यार हे. टीडीएस मीटर. पाण्यात विरघळलेले क्षार किती, याचा तो फक्त अंदाज देतो. जंतू आहेत की नाहीत, हे त्याला कळत नाही. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत. मीटरवर 600 दिसले म्हणून कुणी विष विष म्हणून ओरडत असेल, तर त्याच्यासमोर मीटर शहाळ्यात बुडवा. आकडा हजारांत जातो.

आरओ मशीन वाईट, असं मी म्हणत नाही. ज्या गावात बोअरला खरंच फ्लोराइड आहे, क्षार मर्यादेबाहेर आहेत, तिथं त्याचा उपयोग आहे. पण ते ठरवायचं प्रयोगशाळेतल्या तपासणीवर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना देता येतो. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासण्याचे किट वापरायला शिकवलं आहे. ओट्यावर बसून, दहा मिनिटांत, तोच माणूस तपासणार आणि तोच मशीन विकणार, ही तपासणी नव्हे.

[दृश्य : काळवंडलेला पितळी तांब्या. पावडर. चकाकी.]

भांडी पॉलिशवाल्यांची रीतही हीच. आधी तांब्या उजळून दाखवायचा, मग पैंजण, मग हातातल्या पाटल्या. तांब्या खरंच उजळतो. पाटल्यांसाठी मात्र निराळं पाणी असतं. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, सोनं विरघळतं. त्यात बुडवून काढलेल्या पाटल्या डब्यात हळदीच्या पाण्यात ठेवायला सांगून, अर्धा तास उघडू नका म्हणून तो विरघळलेलं सोनं घेऊन निघून जातो. वजनात घट पडलेल्या पाटल्या एका सराफानं आम्हाला दाखवल्या, पण चित्रण करू दिलं नाही. म्हणून इथं फक्त तांब्या.

[दृश्य : काकू चष्मा लावून पावती वाचताना.]

तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, ज्येष्ठांसाठी 14567, आणि माणूस दारातच उभा असेल तर 112. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकीलही लागत नाही. काकूंचा अर्ज मुलानं पुण्याहून फोनवर सांगितला, काकांनी हातानं लिहिला.

काकूंना गल्लीत कुणी भोळ्या म्हणालं, कुणी लोभी. सून म्हणाली, विचारायचं तरी होतं. काकूंचं म्हणणं एकच आहे : "डोळ्यादेखत झालं बघा. मी काय ऐकीव गोष्टीवर पैसे दिलेत व्हय?"

[दृश्य : देवळाचा ओटा. भजनाला जमलेल्या बायका. मधोमध दोन काचेचे ग्लास, बॅटरी, खिळे.]

सरांनी हे सामान काकूंना देऊन टाकलं. आज एकादशी. भजन संपलं, टाळ बाजूला ठेवले गेले. काकूंनी डावीकडच्या ग्लासात नळाचं पाणी ओतलं, उजवीकडे स्वतःच्या भिंतीवरच्या त्या पेटीचं. बायका पुढे सरकल्या.

आता काकू मीठ मागत आहेत.