मोहावी रोड: मार्लचा झरा शोधताना

[पडद्यावर: सकाळ. ग्रॅनाइटच्या अरुंद घळीत हातभर रुंदीचं पाणी. खडकाला टेकवलेली माउंटन बाइक.]

लॉस एंजेलिसकडून येणारा हायवे बारस्टो गावाशी फुटतो. एक फाटा लास व्हेगासला जातो, दुसरा ॲरिझोनाकडे. या दोन फाट्यांच्या बेचक्यात जो कोरडा मुलूख उरतो, त्याचा मोठा तुकडा म्हणजे मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह. १९९४ साली राखीव झालेला, सुमारे १६ लाख एकरांचा. आत पेट्रोल पंप नाही. फोनला रेंज आलीच तर एखाद्या चढावर, तीही घटकाभर. पाण्याचा नळ कुठे आहे हे आधी नकाशात पाहून ठेवायचं, आणि तरीही त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

या मुलखातून एक जुनी कच्ची वाट जाते, मोहावी रोड. पूर्वेला कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला मोहावी नदीपर्यंत, साधारण २२० किलोमीटर. नकाशावर ती पहिल्यांदा बघताना वैताग येतो. समोर मोकळं मैदान असताना ही बया डोंगरात शिरते, सोपा उतार सोडून चढ घेते. मग त्याच नकाशावर निळे ठिपके शोधायचे. पायूट, रॉक स्प्रिंग, मार्ल, सोडा. वाट या ठिपक्यांना धरून चालली आहे. कोलोरॅडोकाठचे मूळ रहिवासी, मोहावी लोक, समुद्राकाठच्या लोकांशी व्यापार करायला, तिकडचे शिंपले आणायला, इथूनच जायचे. पायी, आणि बऱ्याचदा पळत. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत एक मजल. वाट कुठून जाणार हे पाण्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

यातला मार्लचा झरा मला बघायचा होता. पायूटला वर्षभर वाहणारा ओढा आहे, झाडी आहे. रॉक स्प्रिंगला जुनं दगडी घर आहे. मार्लला बघण्यासारखं फारसं काही नाही, असं जाऊन आलेले सगळे सांगतात. पण त्याच्या पश्चिमेला पुढचं खात्रीचं पाणी थेट सोडा स्प्रिंग्जला, पन्नासेक किलोमीटरवर. या वाटेवरचा हा सगळ्यात लांब कोरडा पट्टा. पूर्वी मार्ल कोरडा पडला असता तर ही वाटच मोडली असती.

[पडद्यावर: सायकलचं सामान. फोर्कवर बाटल्या, पाठीवर पाण्याची पिशवी, टायरमधली हवा मोजणारा हात.]

सायकल साधीच, पुढे एक सस्पेन्शन. टायर मात्र २.६ इंची आणि ट्यूबलेस, आत भोक बुजवणारं भरपूर सीलंट. इथल्या कॅटक्लॉ अकेशियाचे काटे मांजराच्या नखांसारखे आकडे असलेले. ते ट्यूबला दयामाया दाखवत नाहीत. पाणी पूर्ण प्रवासाला पुरेल एवढं बरोबर. झरा शोधायला निघालोय म्हणून झऱ्याच्या जिवावर निघायचं, हा शुद्ध वेडेपणा झाला. एकट्याने जायचं तर आणखी एक गोष्ट लागते: उपग्रहावरून निरोप धाडणारं छोटं यंत्र. आणि घरी कोणाला तरी माहीत हवं की संध्याकाळी निरोप आला नाही तर कुठे फोन करायचा.

सुरुवात रॉक स्प्रिंगपासून. दोन मोठ्या खडकांच्या मधे पाणी साचलेलं, सावलीत, म्हणून टिकलेलं. १८६६ ते १८६८ या काळात इथे अमेरिकन सैन्याची छावणी होती. टपालाच्या गाड्या कॅलिफोर्नियातून ॲरिझोनाला या वाटेने जायच्या आणि त्यांना राखण लागायची. शेजारच्या टेकाडावरचं दगडी घर बर्ट स्मिथ नावाच्या माणसाचं. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसांत विषारी वायू गेला. डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. कोरडी हवा मानवेल म्हणून तो इथे आला आणि पंचवीसेक वर्षं राहिला. सहाशे चौरस फुटांसाठी आयुष्य गहाण टाकलेल्या माणसाने हे घर फार वेळ बघू नये.

तिथून थोडं पश्चिमेला गव्हर्नमेंट होल्स. हे झरे नव्हेत, सैन्याच्या काळात खणलेल्या विहिरी. पवनचक्की, टाकी आणि भोवती रान. नोव्हेंबर १९२५मध्ये इथल्या खोपटात दोन बंदूकबाजांनी एकमेकांना गोळ्या घातल्या, दोघंही मेले. एक गुरांच्या मोठ्या कंपनीचा माणूस, दुसरा छोट्या वसाहतदारांच्या बाजूचा. भांडण चराईचं आणि पाण्याचं. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात, इथे विहिरीवरून.

[पडद्यावर: सीडर कॅन्यनचा उतार. हँडलवरचा कॅमेरा थरथरतोय.]

सीडर कॅन्यनचा रस्ता उताराचा आहे. ऐकायला सोपं वाटतं. गाड्यांच्या चाकांनी त्यावर आडव्या वळ्या पाडल्यात. सावकाश गेलात तर दात वाजतात, जोरात गेलात तर चाकाची पकड सुटते. खाली उतरलं की केल्सो आणि सीमा (Cima) या दोन ठिकाणांना जोडणारा डांबरी रस्ता, आणि त्याच्या कडेने रेल्वेचे रूळ. मालगाडी आली. डबे मोजायला सुरुवात केली आणि नाद सोडला.

रूळ ओलांडले की वाट खऱ्या अर्थाने कच्ची होते. इथे थांबून टायरमधली हवा पंधरा पीएसआयवर आणायची. हा सगळा भाग सीमा डोमचा दक्षिण उतार. ग्रॅनाइटचा एक अवाढव्य घुमट, इतका पसरट की त्याच्यावर उभं असताना तो दिसत नाही. हा ग्रॅनाइट झिजतो तेव्हा त्याची माती होत नाही, खडबडीत वाळू होते. दाणा मोठा, टोकदार, एकमेकांवरून सरकणारा. पुढचं चाक त्यात रुतू नये म्हणून वजन मागे ठेवायचं, हँडल घट्ट धरायचं नाही आणि पायडल थांबवायचं नाही. थांबलात की ढकला.

दोन्ही बाजूंना जोशुआ ट्री, टोकदार पानांची वाळवंटी झाडं. उत्तरेकडचं त्यांचं मोठं रान ऑगस्ट २०२०मध्ये वीज पडून जळालं. सुमारे ४३ हजार एकर, अंदाजे १३ लाख झाडं. पुढे स्वयंसेवकांनी रोपं लावली, तेव्हा आडरानात रोपं आणि पाणी वाहायला उंट आणले होते. गंमत म्हणजे या मुलखात उंट तेव्हा पहिल्यांदा आले नव्हते. १८५७ साली एडवर्ड बील नावाचा अधिकारी सरकारी उंटांचा तांडा घेऊन कोलोरॅडो पार करून याच वाटेने कॅलिफोर्नियात गेला. पाण्याच्या दोन ठिकाणांत एवढं अंतर असेल तर खेचरापेक्षा उंट बरा, असा तो प्रयोग होता. उंट टिकले. सैन्याचा उत्साह टिकला नाही.

[पडद्यावर: दूरवर मार्ल डोंगर. आवाज बंद. फक्त चाकांखालची वाळू.]

सह्याद्रीत गडावर पाण्याचं टाकं शोधायचं तर एक अंदाज असतो. कातळ बघायचा, वाड्याचं जोतं बघायचं. वाळवंटात खुणा वेगळ्या. हिरवं झुडूप दिसलं म्हणून धावू नये, क्रिओसोट बुश पाण्याशिवायही तजेलदार दिसतं. गुरांच्या जुन्या पायवाटा बघायच्या. त्या सुट्या सुट्या असतात तोवर काही नाही. दोन मिळाल्या, तिसरी येऊन मिळाली, आणि सगळ्या एकाच बाजूला वळल्या, म्हणजे तिकडे पाणी. मग कान. गॅम्बेल क्वेल नावाचा लावा पाण्यापासून फार लांब राहत नाही. आणि शेवटी मधमाश्या. त्या हेल्मेटभोवती घोंगावायला लागल्या की आलंच.

एक मोडकळीला आलेलं लाकडी कुंपण, गुरं कोंडायचं. त्याच्या बाजूला हौद. वरच्या अंगाने एक गंजलेला पाइप येतो. पाइपच्या तोंडातून करंगळीपेक्षा बारीक धार. हाच मार्लचा झरा.

धार पाइपच्या ओठावर आधी जमते, फुगते आणि मग हौदात सुटते. जिथे पडते तिथे शेवाळाचा हिरवा डाग. हौदाच्या काठावर मधमाश्या ओळीने बसलेल्या, मागचा भाग हलवत पाणी ओढतायत. एक बुडाली होती. तिला काटकीने बाहेर काढलं तर ती पंख झटकून पुन्हा त्याच काठावर. चिखलात लाव्यांची पावलं, कोयोटीची, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावराची पावलं, आणि एक खुराचा ठसा, कोणाचा ते ओळखू आलं नाही.

पाणी कुठून येतं? हिवाळ्यात डोंगरावर पडणारा थोडा पाऊस, क्वचित बर्फ, आणि उन्हाळ्यातली एखादी वादळी सर. ते भेगाळलेल्या खडकात मुरतं, आत कुठेतरी घट्ट थराला अडतं आणि उतारावर जिथे तोंड मिळेल तिथे बाहेर येतं. आज हौदात पडणारा थेंब कधीच्या पावसाचा, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही.

मार्च १७७६मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस नावाचा स्पॅनिश पाद्री मोहावी वाटाड्यांबरोबर या बाजूने गेला. त्याने ज्या पाण्याला संत हुआन दे दिओसचं नाव दिलं, ते हेच असं अभ्यासक मानतात. वाटाड्यांना ते आधीच ठाऊक होतं, हे वेगळं सांगायला नको.

मग १८६७. सैन्याने इथे दगडांचा आडोसा रचून ठाणं केलं. ऑक्टोबरमध्ये ठाण्यावर फक्त तीन सैनिक असताना वीस-तीस जणांनी त्यांना वेढलं. रात्र तशीच गेली. पहाटे योगायोगाने सैन्याची मोठी तुकडी वाटेवर आली आणि वेढा उठला. जुन्या नोंदींत हे ‘इंडियनांचा हल्ला’ म्हणून येतं. पण पायूट आणि चेमेह्वेवी या इथल्या मूळ जमातींची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ज्या झऱ्यावर यायची, तिथेच बंदुका घेऊन कोणी बसलं असेल, तर हल्ला नेमका कोणी केला? १८६८मध्ये टपालाचा मार्ग दुसरीकडे गेला आणि सैन्यही. १८८३मध्ये दक्षिणेकडून रेल्वे वाळवंटापार गेली आणि वाटेची गरज संपली. झऱ्यावर मग गुरं आली.

[पडद्यावर: हौदापासून लांब, सायकल हातात धरून चालणारी सावली.]

इथे फार थांबायचं नसतं. कॅलिफोर्नियात जनावरांच्या पाणवठ्यापासून दोनशे यार्डांच्या आत मुक्काम करायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. माणूस हौदाशी बसून राहिला की जनावरं झुडपांआड तहानलेली उभी राहतात. एक बाटली भरून घेतली, गाळून, चव बघण्यापुरती. लोखंडाची चव, गार. बाकीचं माझं मी आणलेलं पाणी प्यायलो.

पश्चिमेला थोडं पुढे, आडरानात, एक टपालपेटी खांबावर उभी आहे, शेजारी झेंडा. १९८३मध्ये या वाटेची डागडुजी करणाऱ्या हौशी मंडळींनी ती बसवली. आत वही असते. लोक नावं लिहितात, विनोद लिहितात, जोडीदाराला दिलेल्या शिव्या लिहितात. मी मराठीत तारीख टाकली आणि खाली पुढच्यांना कळावं म्हणून इंग्रजीत: मार्लला बारीक धार चालू, हौद भरलेला, गाळल्याशिवाय पिऊ नका, मधमाश्यांना हात लावू नका.

पुढे विलो वॉशची उतरण. तिथली वाळू आणखी सैल असते असं ऐकून होतो. टायरमधली थोडी हवा अजून सोडली आणि निघालो.