कडं कुठं गेलं?

(पहाट. जुनी इंदूर, शनिमंदिर. मूर्तीवरून ओघळणारं तेल.)

इंदूरला शनी नवा नाही. इथं त्याला रोज तेल मिळतं. त्याच्याकडे डोळा लावून बसणारे मात्र कमी.

(संध्याकाळ. रामबागेतली गच्ची. स्टुलावर चढलेली मुलगी, सहा इंची दुर्बीण.)

नोव्हेंबर 2025. गच्चीवरचा नियम एकच: आधी चित्र, मग प्रश्न. दिसलं तेवढंच काढायचं.

(वह्या, जवळून.)

ही पहिली वही. गोळा आणि भोवती ऐसपैस कडं. हा शनी पुस्तकातला. ही दुसरी. मण्यात ओवलेली सुई. "काका, कडं कुठं गेलं?"

गॅलिलिओचीही हीच पंचाईत झाली होती. 1610 साली, जेमतेम वीस पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून, त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा गोळा दिसला. 1612 मध्ये बघतो तर गोळे गायब. 1616 मध्ये शनीला कढईसारखे दोन कान! उलगडा त्याला कधीच झाला नाही. पण दिसलं ते त्यानं नोंदवून ठेवलं, आणि आमच्या मते खरं काम तेच.

कारण 1659 साली डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सनं आपल्या पुस्तकात अशी आधीच्या निरीक्षकांची चित्रं एकाच पानावर मांडली. एकेकाचा शनी बघून हसू येतं. हायगेन्सनं त्या सगळ्यांना पुरेल असं एकच उत्तर दिलं: ग्रहाला कुठेही न टेकणारं, पातळ, कललेलं कडं.

(स्वयंपाकघरातली स्टीलची ताटली. ताई ती डोळ्यासमोर हळूहळू आडवी करते.)

आता नुसती कड उरली. दर पंधराएक वर्षांनी शनीचं असंच होतं. मार्च 2025 मध्ये पृथ्वी नेमकी कड्याच्या पातळीत आली होती, आणि नोव्हेंबरमध्येही ते जवळपास आडवंच होतं. मुख्य कड्यांचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटरचा, पण जाडी बऱ्याच ठिकाणी या गल्लीतल्या घरांहून जास्त नाही.

(पुन्हा गच्ची. मागे चौकातल्या फलकाचा पांढरा झोत. तो टाळून चित्रीकरण जमलं नाही.)

पुढे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं गणितानं दाखवलं की अखंड कडं टिकणारच नाही, ते असंख्य तुकड्यांचंच असलं पाहिजे. 1895 मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कीलरनं प्रकाशाच्या वर्णपटावरून आतले तुकडे बाहेरच्यांपेक्षा वेगानं फिरताना पकडले. 2017 मध्ये शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान ग्रह आणि कड्यांच्या मधून बावीस वेळा गेलं. कड्यांचं वस्तुमान कमी निघालं, म्हणून ती फार जुनी नसावीत, असं काही जण म्हणतात. बाकीच्यांना ते पटलेलं नाही.

(पहिली वही. मुलाच्या हातात खोडरबर.)

"अरे, खोडू नकोस. शेजारी दुसरा काढ. आणि खाली तारीख घाल."